सगळी चाळ खोटं बोलत असेल तर?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ४६, माहेर गिरगावचं, आता बोरिवलीत, बँकेत नोकरी. २०२०च्या साथीत यांचे काका गेले. पिशवीत बांधलेला देह लांबून दाखवला, तेवढंच दर्शन. त्यानंतर त्यांनी १८९७च्या मुंबईतल्या प्लेगवर वाचायला घेतलं आणि एक रहस्यकादंबरी सुचली. चाळीत खून होतो आणि विलायतेहून शिकून आलेली तरुण डॉक्टरीण तो उलगडते. पाच वर्षांत टिपणांच्या ११ वह्या भरल्या, कादंबरीची पानं झाली ३८. त्या लिहितात, "रोज शेकडो माणसं मरत असताना एका खुनाची कुणाला पडलीय, असं वाटून हात थांबतो. सासरे, आमचे अप्पा, गिरणीत आयुष्य काढलेले. ते म्हणाले, हे म्हणजे मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं झालं. शिवाय एखादा तपशील चुकला तर हसं होईल ही धास्ती. सोडून देऊ? की प्लेग काढून टाकून गोष्ट आजच्या मुंबईत बसवू?"

प्रिय ताई,

आधी मीच एक विचारते. तुमच्या अडतीस पानांत खून कितव्या पानावर होतो? पत्रासोबत पाठवलेला कादंबरीचा सारांश मी दोनदा वाचला. पहिल्या प्रकरणात मांडवीची वस्ती, दुसऱ्यात चाळ, तिसऱ्यात डॉक्टरीणबाईंची आगबोट धक्क्याला लागते, चौथ्यात परत मांडवी. मेलेलं कुणीच नाही. अकरा वह्या भरलेल्या बाईला माहिती कमी पडली असं म्हणवत नाही. माझी शंका वेगळी आहे, चुकत असेन तर सोडून द्या. ज्याला मारायचंय त्याला तुमच्या काकांचा चेहरा तर आला नाही ना? आला असेल तर हात थांबणारच. काकांना कादंबरीत जरूर आणा, पण त्या जागी नको. त्यांना प्रश्न विचारणाऱ्यांच्या बाजूला बसवा. मरणारा माणूस वयानं, बोलण्यानं, सवयींनी अगदी निराळा असू दे, आणि जमलं तर थोडा नावडता. आपल्याला न आवडणाऱ्या माणसाला न्याय मिळावा म्हणून कुणी धडपडतंय, हे वाचायला जास्त मजा येते.

आता "एका खुनाची कुणाला पडलीय". यावर ठरलेलं उत्तर असं की साथीत खून लपवणं सोपं, म्हणून खुनी साथीचा फायदा घेतो आणि मुडदा रोगाच्या खात्यावर टाकतो. ही युक्ती कुठल्याही साथीत चालते आणि सराईत वाचक ती तिसऱ्या पानावर ओळखतो. पण १८९७च्या मुंबईत नेमकं उलटं होतं, आणि ते तुमच्या वह्यांतच आहे. तुम्ही त्याला रंग भरायचं सामान समजून बाजूला ठेवलंत.

प्लेग निघाला म्हणजे काय व्हायचं? मार्च १८९७मध्ये जनरल गॅटॅकर यांच्या हाताखाली प्लेग कमिटी आली. त्यानंतर वस्तीला वेढा घालून घरोघरी झडती, आजारी माणूस इस्पितळात, घरची माणसं विलगीकरणाच्या छावणीत, कपडेलत्ते जाळायचे, जमीन उकरायची, ऊन आत यावं म्हणून छपराची कौलं काढायची, भिंतींना चुना फासायचा. प्लेगच्या गाठीसाठी काख आणि जांघ तपासायला परका पुरुष घरात शिरणार, ही बायकांची धास्ती तर निराळीच. म्हणून लोक आजारी माणूस पोटमाळ्यावर, कपाटात, कुठेही दडवत. मेला तर ताप होता, छातीत कफ होता, असं काहीही सांगत. नोंदलेल्या प्लेगच्या मृत्यूंपेक्षा त्या काळात शहरात मेलेली माणसं किती तरी जास्त भरतात, ती बरीचशी यामुळेच.

आता तुमचा खून या चाळीत घडवा. पहाटे गिरणीतला एक बदली कामगार खोलीत मेलेला सापडतो. खुन्याला काही करावं लागत नाही. दारात उभं राहून हलक्या आवाजात एकच शब्द टाकायचा, "गाठ". पुढचं सगळं चाळ करते. उजाडायच्या आत तिरडी बांधली जाते, मढं कुणी नीट उघडून बघत नाही, चार खांदेकरी त्याला सोनापूरच्या स्मशानात पोचवतात आणि विचारलं तर सगळे एका सुरात सांगतात, हिवताप होता, चार दिवस अंथरुणाला खिळला होता. चाळीतल्या एकालाही खुनाचा पत्ता नाही. आपलं घर वाचवायला सगळे खोटं बोलताहेत, आणि त्या खोट्याखाली खुनी आरामात झोपलाय.

म्हणजे तुमच्या शोधकाला प्रत्येक दारात खोटंच ऐकू येणार. त्यातलं भीतीचं कोणतं आणि पापाचं कोणतं, हे निवडणं म्हणजे तुमची कादंबरी. रहस्यकथा लिहिणाऱ्याला वाचकाची दिशाभूल करायला संशयित उभे करावे लागतात, त्यांना ओढूनताणून गुपितं द्यावी लागतात. इथे ती काळानंच दिली आहेत. कठीण काळ म्हटला की आपण मागचा पडदा रंगवत बसतो, धूर, तिरड्या, ओस रस्ते. तो काळ लोकांना कशाबद्दल खोटं बोलायला लावत होता, एवढं विचारलंत की पडदा स्वतःच पात्र होतो.

यासाठी एक गोष्ट आजच ठरवा: महिना. "प्लेगचा काळ" असं लिहून भागणार नाही, कारण नियम बदलत गेले आणि नियमांबरोबर खोटंही. सप्टेंबर १८९६मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत रोग ओळखला. ऑक्टोबरमध्ये पालिकेनं सक्तीनं माणसं हलवायला सुरुवात केली, महिनाअखेरीस गिरणी कामगारांच्या जमावानं आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला आणि सक्ती ढिली झाली. फेब्रुवारी १८९७मध्ये साथ ऐन भरात, शहर जवळजवळ निम्मं रिकामं, आणि साथीच्या रोगांचा कायदा त्याच महिन्यातला. ९ फेब्रुवारीला नारायण मेघाजी लोखंडे प्लेगनंच गेले. ज्यांनी गिरणी कामगारांची पहिली संघटना बांधली आणि रविवारची सुट्टी मिळवून दिली, ते. त्या आठवड्यात गिरणगावात चूल पेटवताना बायका काय बोलत असतील, एवढंच मनात आणून बघा. आणि मार्चपासून झडत्या. मला विचाराल तर मार्च घ्या. कादंबरी दहा दिवसांत संपवा, चार महिने ताणू नका.

तुमच्या डॉक्टरीणबाईंबद्दल जरा कान धरते. विलायतेत शिकलेली स्त्री डॉक्टर तेव्हा अशक्य नव्हती, डॉ. रखमाबाई लंडनला शिकून १८९४ साली डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरतेच्या इस्पितळात गेल्या. माझी तक्रार अशी की तुमच्या बाईला सगळं आधीच कळतं. सारांशात ती म्हणते, "उंदरांवरच्या पिसवा मारल्या पाहिजेत." पिसवांचा हात फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवला १८९८मध्ये, कराचीत, आणि त्यावरही लोकांचा विश्वास बसायला वर्षं गेली. मार्च १८९७मध्ये मोठेमोठे डॉक्टर घाण, हवा, जमिनीतली ओल यांना दोष देत होते. तुमची डॉक्टरीण आपल्यासारखी शहाणी असली की वाचक तिच्या खांद्यावर बसून त्या काळाला हसतो, आणि मग चाळीतली माणसं अडाणी वाटायला लागतात. ती अडाणी नव्हती. प्लेगची लस शोधणाऱ्या हाफकिननी जानेवारीत ती स्वतःला टोचून घेतली होती, भायखळ्याच्या तुरुंगात ती दिलीही गेली होती. पण तुरुंगातल्या कैद्यांवर आजमावलेली सुई आपल्या पोराला टोचून घ्यायची की नाही, हा प्रश्न विचारणारी आई मूर्ख कशी म्हणायची? डॉक्टरीणबाई ठेवायच्याच असतील तर त्यांना निदान दोनदा ठार चुकू द्या.

मला स्वतःला शोधक म्हणून कुणी हवं असेल तर ती खानावळवाली. ती कुणाला काय विचारतेय याकडे कोण लक्ष देणार? तिला फक्त ताटं मोजायची असतात. एक प्रसंग बघा. चुलीमागच्या भिंतीवर ती कोळशानं रेघा ओढते, एका ताटाला एक रेघ, प्रत्येक खाणाऱ्याची वेगळी ओळ. एरवी पगार महिन्याचा, तोही थकलेला, म्हणून उधारीचा हिशेब. (साथीत मजूर पळायला लागल्यावर गिरण्या रोजच्या रोज मजुरी द्यायला लागल्या, नाक्यावर मजुरांसाठी चढाओढ लागली. तेव्हा तिची उधारी अचानक फिटते, हेही एक सूत्र.) चाळ म्हणतेय की बदली कामगार चार दिवस तापानं पडून होता. तिच्या भिंतीवर मात्र त्या चार रात्रींच्या चार रेघा आहेत. भाकरी, बोंबलाचं कालवण, वर आणखी अर्धी भाकरी मागून घेतलेली. गाठीच्या तापातला माणूस अर्धी भाकरी मागत नाही. तिला हे रात्री निजताना लक्षात येतं. सकाळी ती उठते तर चुना मारणारे दारात, आणि दुपारपर्यंत भिंत पांढरी फटक. पुरावा सरकारनंच पुसला. आता उरला फक्त तिचा शब्द, आणि तो शब्द ती फौजदारापुढे बोलू शकत नाही, कारण तिच्याच पोटमाळ्यावर भाचा तापानं फणफणतोय.

हे माझं कथानक म्हणून घेऊ नका. पण बघा, या प्रसंगातली एकही गोष्ट प्लेगशिवाय उभी राहत नाही. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तरही याच कसोटीवर लागतं. खून, लपवाछपवी आणि उलगडा उचलून आजच्या बोरिवलीत ठेवले आणि काहीच बिघडलं नाही, तर खुशाल ठेवा, प्लेग नुसता शोभेला होता. तुमच्या आत्ताच्या सारांशात तो शोभेलाच आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. खून वारशाच्या दागिन्यांसाठी होतो. ते तर कुठल्याही साली होतं.

तपशील चुकण्याची भीती. चुकेल. मी एका दिवाळी अंकाचं काम बघत असताना १९१८च्या इन्फ्लुएन्झावरची कथा छापली होती. नायक घोडागाडीवाल्याच्या हातावर "पंचवीस पैसे" ठेवतो. मी मुद्रितं दोनदा तपासली, माझ्या नजरेला काही खुपलं नाही. अंक निघाल्यावर एका आजोबांचं पोस्टकार्ड: "रुपयाचे तेव्हा ६४ पैसे. पंचवीस पैसे म्हणजे सव्वासहा आणे. गाडीवाला लुटारू दिसतो." दशमान नाणी आली १९५७मध्ये. ते कार्ड मी अजून जपून ठेवलंय. कथा मात्र लोकांना आवडली होती, त्या आजोबांनाही. कार्डाच्या मागच्या बाजूला तसं लिहिलं होतं.

तुमच्या सारांशातल्या चुका तेवढ्या सांगून टाकते. बीडीडी चाळी १८९७मध्ये नाहीत, त्या १९२०च्या दशकातल्या. विजेची ट्राम १९०७ची. तुमच्या पात्रांना घोड्यांच्या ट्राममध्ये बसवा. मजुराच्या घरी पाहुण्याला लगेच चहाचा कप नको, गूळपाणी चालेल. झालं. तीन दुरुस्त्या, पाच मिनिटांचं काम. यासाठी पाच वर्षं थांबायचं नसतं.

त्यापेक्षा तपशिलाकडून काम करून घ्या. तुमच्या सातव्या वहीत म्हणे घड्याळांवर चार पानं आहेत. ती कादंबरीत कुठे आली? त्या वेळी मुंबईची स्वतःची वेळ होती, ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. रेल्वे चालायची मद्रासच्या वेळेवर, म्हणजे ५ तास २१ मिनिटं. एका शहरात दोन वेळा, अर्ध्या तासाचा फरक. संशयित सांगतो, "मी त्या संध्याकाळी साडेसहाच्या गाडीनं बोरीबंदरहून निघालो." मुंबादेवीजवळचा फुलवाला सांगतो, "सव्वासहाला माझ्याकडून हार घेतला." दोन्ही जबान्या जुळतात, माणूस घाईनं गाडी पकडायला गेला असेल. पण फुलवाल्याचे सव्वासहा शहराचे आणि गाडीचे साडेसहा रेल्वेचे, म्हणजे शहराचे सहा. हार घेतला तेव्हा गाडी सुटून पाव तास झाला होता. गंमत अशी की तेव्हाच्या प्रत्येक मुंबईकराला हे ठाऊक होतं, आजच्या वाचकाला नाही. म्हणून न्यायानं वागायचं तर ते आधी सांगून ठेवावं लागेल, पण उलगडा म्हणून नव्हे. तिसऱ्या प्रकरणात साताऱ्याकडे पळणाऱ्या एका कुटुंबाची गाडी चुकू दे. म्हातारी स्टेशनच्या घड्याळाला शिव्या घालू दे. वाचक हसेल आणि विसरेल. विसावं प्रकरण येईल तेव्हा त्याला ती म्हातारी आठवेल.

आता अप्पा. त्यांचं वाक्य तुम्हाला लागलं, हे पत्राच्या प्रत्येक ओळीतून कळतं. मी ते दुसऱ्या बाजूनं वाचून बघितलं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी १८९७मध्ये खरंच कोण खात असेल? झडती चुकवून देतो म्हणून पैसे घेणारा. ओस पडलेल्या खोल्यांची कुलपं फोडणारा. गावी पळणाऱ्याची भांडी चार आण्यांना घेणारा. मेलेल्या कामगाराचं नाव हजेरीपटावर जिवंत ठेवून त्याची मजुरी खाणारा. अप्पांनी तुम्हाला संशयितांची यादीच दिली की! दागिन्यांचा वारसा सोडून द्या आणि या चौघांतला एक निवडा.

तरीही त्यांच्या म्हणण्यात अर्थ आहे. दुःख मजेसाठी वापरलं जातंय असं वाचकाला कुठे वाटतं? माझ्या अनुभवात, जिथे मरणाची वर्णनं लांबतात आणि मेलेल्यांना नाव नसतं तिथे. गाठी, रक्त, रांगेनं तिरड्या, हे एकदा पुरे. त्याऐवजी मेलेल्या माणसाचं नाव, त्याची उधारी, गावाकडून आलेलं एका पैशाचं पोस्टकार्ड, ते वाचून दाखवायला आता कुणी नाही, एवढं लिहा. खऱ्या व्यक्ती पार्श्वभूमीला येऊ द्यात, व्हिएगस रस्त्यातून जाताना दिसोत, पण खरं नाव असलेल्या माणसाला लाचखोर किंवा खुनी करू नका. सव्वाशे वर्षं झाली तरी पणतू असतात.

असंच काही लिहू पाहणाऱ्या आणखी तिघांची पत्रं माझ्याकडे पडून आहेत, त्यांनाही इथेच सांगते. काळ बदला, प्रश्न तोच ठेवा: इथे साधी माणसं कशाबद्दल खोटं बोलताहेत? १९४३च्या रेशनिंगमध्ये तर प्लेगच्या उलट, मेलेल्या आजीला कार्डावर जिवंत ठेवायचा मोह. १४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाज फुटलं आणि सोन्याच्या विटा उडाल्या. युद्धाची सेन्सॉरशिप असल्यानं नेमकं काय झालं ते उघड बोलायचीही चोरी. १९८२च्या गिरणी संपात, घरात कोण चोरून कामावर जातंय हे शेजाऱ्याला कळू द्यायचं नाही. त्याच वर्षी १८ ऑगस्टला मुंबईत पोलिसांनीच बंड केलं, तो दिवस रहस्यकथेसाठी अजून कुणाची वाट बघतोय कोण जाणे. फक्त संपावर लिहिणाऱ्यांनी जपून. ती माणसं आणि त्यांची मुलं अजून त्याच गल्ल्यांत राहतात. त्यांच्याकडून ऐकलेलं लिहिण्याआधी त्यांना विचारा, आणि नको म्हणाले तर नको.

ताई, तुमच्यासाठी कामाचं एवढंच. अकरा वह्या माळ्यावर ठेवा, बारावी विकत आणू नका. अडतीस पानांतली मांडवीची दोन्ही वर्णनं काढा. दुःख होईल, ती चांगली आहेत, पण काढा. मग एका बैठकीत ती पहाट लिहा, मढं सापडल्यापासून तिरडी उठेपर्यंत, सहा-सात पानं. लिहिताना काही अडलं तर चौकट काढून पुढे जा, शनिवारी एशियाटिकच्या ग्रंथालयात जाऊन चौकटी भरा. खुनी कोण ते तुम्हाला ठाऊक हवं, पानावर त्यानं फक्त खांदा दिलेला असावा.

ती पानं मला पाठवू नका. अप्पांना वाचून दाखवा. त्यांनी चाळ बघितली आहे, दारं लावून बोललेलंही त्यांनी ऐकलंय. लोणी वगैरे विषय काढू नका, नुसतं विचारा, "अप्पा, यातलं खोटं कोण बोलतंय?" त्यांनी सगळ्यांची नावं घेतली तर पुढचं प्रकरण लिहायला बसा. एकाचंच घेतलं, तर तो चाळीतला कोण आणि का वाटला, ते नीट ऐकून घ्या आणि पहाट पुन्हा लिहा.